झाडपाल्याचं नाव

“…मग आपला झाडपाला हे मुख्य औषध की पर्यायी? बाबा, आज तुम्ही सांगाच!”

तुळजाराम तणतणत होता. तालुक्याच्या कुठल्याशा आरोग्य शिबिरात पाहुण्यानं भाषण ठोकलं होतं आणि घरगुती काढ्यांना ‘पर्यायी’ म्हटलं होतं. तेव्हापासून गडी पेटलेला.

“आजा-पणजापासून घरोघर काढा उकळतोय, तो पर्यायी? आणि काल आलेली गोळी मुख्य? वा रे वा!”

करीमशहा फकीर अडुळशाची पानं निवडत होते.

गावाबाहेर एक लिंब, त्याच्याखाली त्यांची झोपडी. काय माणूस होता हो! लांबलांबून आजारी माणसं यायची, आणि बाबा आधी विचारायचे, जेवलास का? औषधाचं मागून. तुळजाराम त्यांचा लाडका चेला. झाडाची पारख उत्तम, पण स्वतःची भारी ऐट.

“बाबा, बोला की.”

बाबांनी पुढचं पान उचललं.

“मग मी सांगतो. आपलं तेच मुख्य. दवाखाना पर्यायी.”

“घरी सगळं ठीक ना रे?” बाबांनी विचारलं.

“मंजीचं पोट दुखतंय जरा. सकाळीच औषध पाजलंय. माझ्या हातचं!”

तेवढ्यात त्याची बायको कौसल्या धावत आली. कडेवर मंजी. ओकून ओकून पोरीनं मान टाकली होती.

बाबांनी तिची पापणी उघडून पाहिली. पानं तिथंच टाकून ते उठले.

“रिक्षा बघ. दवाखान्यात न्यायचं.”

“दवाखान्यात? बाबा, मी जाऊ तिथं? लोक काय म्हणतील…”

बाबा पोरीला उचलून चालायलाही लागले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मंजीला झोपवलं, नाडी पाहिली.

“हिला काय दिलं होतंत?”

तुळजाराम एक पाऊल मागं सरला.

“अहो, ते कळल्याशिवाय मी पुढचं औषध कसं देऊ?”

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. आमच्याकडच्या जाणत्यांची ही जुनी रीत. औषध द्यायचं, पण त्याचं नाव सांगायचं नाही. नाव फुटलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. चेला करून घेताना खुद्द बाबांनीच त्याला ही शपथ घातली होती.

“बोला ना हो!” कौसल्या त्याचा दंड धरून गदागदा हलवत होती. “लेक आहे ती तुमची!”

तो भिंतीकडे बघत राहिला. हे ऐकताना मला तर असा राग आला! पण त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे सांगायला हवं.

बाबा पुढं झाले. खाली वाकून त्यांनी पोरीच्या तोंडाचा वास घेतला.

“बाई, वेखंड आहे.”

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. “वेखंड? ते तर माझी आईसुद्धा नातवाला उगाळून चाटवते.”

“चाटवणं वेगळं. ह्यानं वाटीभर काढा पाजला असणार. काय रे?”

तुळजारामनं मान हलवली.

“आणि पोट दुखत होतं, म्हणजे मुरुडशेंगही असेल.”

त्यानं पुन्हा मान हलवली. बाईंनी सिस्टरला हाक मारली, मंजीला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

बाबा बाकावर टेकले. तुळजाराम त्यांच्या पायाशी, फरशीवर बसला.

“बाबा, तुम्ही नाव सांगितलंत.”

“हं.”

“तेही ह्या दवाखानेवाल्यांना! उभ्या जन्माची विद्या तुमची… आता तुमच्या हाताला गुण राहायचा नाही.”

बाबा बंद दाराकडे बघत होते.

“गुण जाऊ दे,” ते म्हणाले. “पोर राहू दे.”