किल्लेदाराची खरी तलवार

"किल्लेदार एक आणि त्याच्या तलवारी एवढ्या? त्याला काय रावणासारखे वीस हात होते?"

निंबगडच्या हत्यारपेठेत मधोमध उभा राहून राजा रणधवल गरजला. या राजाला जुन्या हत्यारांचं भलतंच वेड. त्याच्या महालात भिंत म्हणून दिसायची नाही, नुसती हत्यारंच हत्यारं! आता त्याला एकच तलवार हवी होती. फार पूर्वी निंबगडच्या किल्लेदाराने जिच्या वाराने रणधवलच्या पणजोबांना गडाच्या दारात लोळवलं होतं, ती तलवार. पुढे सोयरीक होऊन निंबगड याच राज्यात आलं, वैर मिटलं, पण राजाच्या डोक्यातून तलवार काही जाईना.

त्याला पेठ दाखवत होता हैबती वाटाड्या. हत्यारांच्या शौकिनांना शहर दाखवणं हाच त्याचा धंदा. वेशीतच त्याने राजाला नेहमीचा सल्ला दिला होता. "म्हाराज, पहिल्या दिवशी कायबी घेऊ नका. दुकानदाराचा विडा खाऊ नका. आन् गंज नुसता बघू नका, चाटून बघा. खारट लागला तर कालचाच म्हणून समजा!"

राजाने पहिल्याच दुकानात विडा खाल्ला. मग काय! जो तो पुढे आला. "खरी किल्लेदाराची ती आमच्याकडे, सरकार!" राजा प्रत्येक तलवार म्यानातून काढायचा, टोक निरखायचा, कमरेची चांदीची डबी चाचपायचा आणि तोंड वाकडं करायचा. डबीत काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी सगळा राग निघाला तो बिचाऱ्या हैबतीवर.

"तू इथला वाटाड्या ना? दिवेलागणीच्या आत खरी तलवार माझ्यासमोर आली पाहिजे. नाही आली तर तू कोठडीत! आणि पुन्हा या शहरात कुणाला वाट दाखवायची नाही!"

हैबतीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्याची मुलगी ठकू पुढे झाली. लग्नाला आलेली पोर, पण जिभेला हाड नाही.

"म्हाराज, आनते की तलवार! फकस्त एक दवंडी पिटू द्या. आन् ती ऐकून माझ्यावर डोळं वटारू नका."

"पीट!" राजा म्हणाला. "पण तलवार नाही आली तर बापाशेजारी तूही!"

ठकूने दवंडीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. थोड्याच वेळात पेठेत हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! निंबगडच्या किल्लेदाराने म्हाराजांच्या पणजोबांना पाठीमागनं, चोरासारखं मारलं! ज्याच्याकडे ती तलवार, त्याने आत्ताच्या आत्ता चावडीवर हजर व्हावं! म्हाराज त्याला जाब इचारणार हाऽऽत!"

पेठेत जी पळापळ झाली म्हणता! मघाचे सगळे दुकानदार धापा टाकत चावडीवर.

"सरकार, माझी तलवार तर गेल्या दसऱ्याला घडवली! हा बघा लोहार, बरोबरच आणलाय!"

"माझी त्याहून नवी! अजून हात भाजतोय!"

"माझी तर तलवारच नाही सरकार, नाटकातली आहे! लाकडावर पत्रा मारलाय!"

राजा मिशीतल्या मिशीत हसू दाबत होता. पण सूर्य कलला होता, आणि तलवार काही आली नव्हती. हैबती चावडीच्या खांबाला धरून उभा होता. "पोरी, आता गं काय?" तो पुटपुटला. ठकू टाचा उंचावून पेठेच्या वाटेकडे बघत होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक म्हातारी आली. फुटाणेवाली आवडाबाई. हात भट्टीच्या राखेने माखलेले, काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबुडकं.

"कोन म्हनतं पाठीमागनं मारलं?" ती कडाडली. "माझ्या आज्याचा बाप व्हता किल्लेदार! समोरासमोर लढला तो! तुझा पणजाबी शूर व्हता राजा, म्हनून तर तलवारीचं टोक मोडलं त्याच्या चिलखतात! मान कापायची तर काप, पर माझ्या मानसाला चोर म्हनू नगंस!"

घोंगडी सुटली. तलवारीवर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून होतं. टोक मात्र मोडलेलं.

राजाने घाईघाईने डबी उघडली. पणजोबांच्या चिलखतातून निघालेला पोलादाचा तुकडा त्यात होता. तो तलवारीला लावला. जिथल्या तिथे बसला! राजाचे डोळे भरून आले.

"आजी, मागाल ती किंमत देतो."

"इकायची न्हाई."

राजा पुन्हा हट्टाला पेटला. "ठकू! ही तलवार मला मिळवून दे, नाहीतर बाप सुटायचा नाही!"

"म्हाराज, आपन म्हनालात खरी तलवार समोर आन. आनली." ठकू म्हणाली. "अख्ख्या पेठेत किल्लेदाराची म्हनून इकायला ठेवलेली एकेक तलवार खोटी निघाली. ही एकच इकायला नव्हती, ही एकच खरी! आता हिला बी इकत घेऊन त्या खोट्यांच्या रांगेत बसवता व्हय?"

राजाने तलवारीच्या मोडक्या टोकावरून बोट फिरवलं. आणि मग असा खदखदून हसला की चावडीवरची कबुतरं उडाली!

त्याने डबी आवडाबाईच्या राखेने माखलेल्या हातात ठेवली. "आजी, तुकडा तुमच्याकडेच शोभेल. दर खंडेनवमीला मी दर्शनाला येईन. फुटाणे मात्र खिलवा!"

हैबती सुटला. ठकूला राजाने गळ्यातला कंठा दिला, आणि वेशीवर हत्यारांच्या शौकिनांना सल्ला देण्याचं मानाचं काम दिलं.

"मग ठकूबाई," राजा घोड्यावर बसता बसता म्हणाला, "माझ्यासारखा वेडा पुन्हा आला तर काय सांगशील?"

"सांगेन की," ठकू हसली, "पैशाची थैली घरी ठेवा, पाहुणं, आन् पणजोबाचं भांडण संगं आना!"

राजा इतका हसला, इतका हसला, की रिकिबीतला पायच सुटला!