शेवटची पायरी

“पण लोक यावेत म्हणून तुम्ही काहीतरी करत असालच ना, बाबा?”

पुष्कर शेवडेनं फिरून तेच विचारलं.

कमरूबाबा फकीर चुलीत काटक्या सारत होते. खामदरीच्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, तोंडाशी एक कडुलिंब आहे. लिंबाखाली बाबांची चूल, एक घोंगडी आणि पाण्याचा माठ. त्यालाच गाव तकिया म्हणतं.

“मी काय करणार, बेटा? बसतो.”

“नुसतं बसून कोणी येत नाही. मी वर्षभर बसलो होतो ना.”

ते खरं होतं. पुष्करनं ब्लॉग सुरू केला तेव्हा त्यावर जुनी देवळं, शिलालेख, वीरगळ असं सगळं मन लावून लिहिलं. तिकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. आईनं वाचलं, तेही अर्धंच.

मग एकदा वैतागून त्यानं ‘बोलणारी बारव’ नावाचा लेख लिहिला. आपल्यातून गेलेल्या माणसांचे आवाज खामदरीच्या बारवेत ऐकू येतात, असं त्यात होतं. मला माझ्या वडिलांचा आवाज आला, असंही होतं. खाली नियम दिले होते. शेवटच्या पायरीपर्यंत उतरा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आणि मागून कोणी हाक मारली तर वळू नका, कान झाकून घ्या. ती हाक माणसाची नसते.

हा शेवटचा नियम लिहिताना त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला होता. लेख जमला, हे त्याला तेव्हाच कळलं.

मग काय विचारता! रीघ लागली.

“आता माझ्या ब्लॉगवर दिवसाला जेवढे लोक येतात,” पुष्कर म्हणाला, “तेवढे या गावात राहतही नाहीत.”

“अस्सं?”

“आणि तुमच्याकडे जे येतात ना, तेही माझ्यामुळे.”

“मला वाटलं, मालकामुळं येतात,” बाबा म्हणाले आणि आभाळाकडे बोट केलं.

पुष्कर हसला. बाबा हसले नाहीत.

“भीतीनं येतात, बाबा. हे मला उशिरा कळलं. माणसाला चांगलं सांगा, तो जांभई देतो. घाबरवा, तो चार जणांना घेऊन येतो.”

बाबांनी चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

“तू घाबरतोस?”

“मी? मी तर लिहिणारा.”

...

वर दुपार कलली होती. बारवेच्या आत मात्र केव्हाच अंधारून आलं होतं. पाऊसकाळ उतरणीला लागला होता, पण जमीन पाणी पिऊन तुडुंब होती आणि झरे सुटले होते. खालून पारव्यांच्या घुमण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून पुष्कर काठापासून जरा मागे सरकला. सकाळी तो नव्या लेखासाठी फोटो काढायला खाली पाण्यापर्यंत उतरला होता, तेव्हाही चार फोटो काढून घाईनं वर पळाला होता. हे त्यानं बाबांना सांगितलं नव्हतं. लेख लिहिण्याआधी तो कधी खाली उतरलाच नव्हता, हेही सांगितलं नव्हतं. तेव्हा गेल्या वर्षीचा उन्हाळा होता, आणि त्यानं वरूनच फोटो काढले होते.

तेवढ्यात रस्त्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, धोतर, हातात कापडी पिशवी. त्यांनी कडेला चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या.

“सलाम, बाबा.”

“या. कुठून आलात?”

“औशाकडून. नळगे म्हणतात मला.”

“चहा होतोय.”

“आधी खाली जाऊन येतो.” ते थोडे थांबले. “मंडळीला जाऊन दोन वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे. आवाज कशातच नाही. आता आठवायला बसलो तर आठवेना झालाय. परवा नातीनं मोबाइलवर वाचून दाखवलं... एकदा ऐकला म्हणजे झालं.”

पुष्करला क्षणभर खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण वाचक समोर उभा राहिल्याचा आनंद त्याहून मोठा होता. त्याचा हात मोबाइलकडे गेला.

“शेवटची पायरी कोणती, बाबा?” नळग्यांनी विचारलं.

“खाली हिरवी चिंधी हाय. पायरीवर आडवी टाकलेली. ती शेवटची. तिच्याखाली पाऊल न्हाई टाकायचं.”

“बरं.”

नळगे भिंतीला हात लावत उतरू लागले. थोड्या वेळानं त्यांचा पांढरा सदरा अंधारात दिसेनासा झाला.

“माझे वाचक,” पुष्कर हळूच म्हणाला.

बाबा चहात गूळ टाकत होते.

“ही चिंधीची काय भानगड, बाबा? माझ्या लेखात तर नव्हती.”

“तुझ्या लेखात शेवटची पायरी हाय. कुठं हाय ती, ठाव हाय का तुला?”

“म्हणजे... खाली.”

“किती खाली?”

पुष्करनं खाली अंधारात डोकावून पाहिलं.

“मला बी ठाव न्हाई. माझ्या अब्बांनी एका दुष्काळात बघितली होती म्हणे. ती पार तळाला हाय. आत्ता तिच्यावर चार पुरुष खोल पाणी असंल.”

“मग लोक...”

“लोक पायरी हुडकत जातात. घोट्याएवढ्या पाण्यात पुढची लागते. मग कमरेएवढ्या पाण्यात लागते. गळ्याएवढ्या पाण्यात बी लागते, बेटा. पायऱ्या संपत न्हाईत. माणूस संपतो.”

चूल धुरावली. बाबांनी फुंकणीनं फुंकर घातली.

“तुझा लेख वाचून एक पोरगी आली होती. हनुवटीपर्यंत गेली. मी केसाला धरून काढली. तवा माझे गुडघे असे नव्हते. तवापासून रोज सकाळी बसत बसत उतरतो, पाणी बघतो, पाण्याच्या वरच्या पायरीवर चिंधी टाकतो आणि दोन दगड ठेवतो. सांगतो, ही शेवटची.”

“पण ती शेवटची नाही ना.”

“जिथनं माणूस माघारी वर येतो, ती शेवटची.”

पुष्करनं खांद्यावरची बॅग पुढे ओढली, बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि तो तसाच आत राहिला.

“काय झालं रे?”

त्यानं हात बाहेर काढला. हातात हिरवी चिंधी होती.

“फोटोत... घाण दिसत होती,” तो म्हणाला. “मला वाटलं कचरा आहे. दगड सारून उचलला, आणि टाकायचा कुठे, म्हणून बॅगेत ठेवला.”

बाबांचा फुंकणीचा हात थांबला.

खाली पारवे घुमायचे थांबले होते.

बाबांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी ऐकलं नाही. ते पुन्हा बसले. त्यांनी पुष्करकडे फक्त पाहिलं.

पुष्कर पळाला.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. खाली जाईल तसा गारवा वाढत गेला आणि उजेड मागे राहिला. पाण्याचा काळा तुकडा दिसला. त्यात पांढरा सदरा, छातीपर्यंत बुडालेला.

“सुमन,” नळगे पाण्याला सांगत होते. “अगं सुमन.”

“काका!”

बारवेनं ती हाक चारी भिंतींवर आपटली आणि ‘का... का...’ करत परत आणली. पुष्करलाच ती आपली वाटली नाही.

नळगे वळले नाहीत. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि कान घट्ट झाकून घेतले.

पुष्करला आपलं वाक्य आठवलं. अगदी स्वल्पविरामासकट आठवलं.

“काका, ते खोटं आहे! मी लिहिलंय ते! वळा!”

‘वळा... वळा...’ बारव म्हणाली.

म्हाताऱ्यानं घाबरून एक पाऊल आणखी खाली टाकलं. पाणी खांद्याला लागलं.

आता हाकेचा उपयोग नव्हता. उतरायलाच हवं होतं. आणि पुष्करला, ज्यानं दिवसाला गावाएवढ्या लोकांना या पाण्यात उतरायला सांगितलं होतं, त्याला ते पाणी बघून रडू आलं. त्याला पोहता येत नव्हतं. काय वाट्टेल ते होवो, पण त्या काळ्या पाण्यात पाय घालायचा नाही, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं.

तो उतरला.

एक पायरी. पुढची. पाणी बर्फासारखं होतं. त्यानं हात लांब केला आणि म्हाताऱ्याचा सदरा मागून धरला.

नळगे किंचाळले. तशी किंचाळी पुष्करनं कधी ऐकली नव्हती. मागून कोणी धरलं तर काय, याचा नियम त्यानं लिहिलेला नव्हता. म्हाताऱ्यानं हिसका दिला, पुष्करचा पाय शेवाळावरून सरकला, आणि पुढची पायरी लागायच्या ऐवजी काहीच लागलं नाही.

नाकातोंडात पाणी गेलं. वर काय, खाली काय, कळेना. भीती म्हणजे काय, हे त्याला तेव्हा समजलं. त्यात गोष्ट वगैरे काही नव्हती.

मग खांद्याला ओढ बसली. बॅगेचा पट्टा कोणीतरी धरला होता.

म्हाताऱ्यानं एका हातानं भिंतीतली खाच पकडून ठेवली होती आणि दुसऱ्या हातानं तो पुष्करला ओढत होता. पुष्कर खोकत, ओकत पायरीवर आला. दोघं एकमेकांना धरून पाण्याबाहेर येईपर्यंत सरपटत राहिले.

“तू...” नळग्यांनी त्याचा चेहरा चाचपला. “तू माणूस हायस ना रे?”

“हो, काका.”

...

चहा उकळून आटला होता. बाबांनी त्यात पाणी घातलं आणि दोघांना दिला. घोंगडी नळग्यांच्या अंगावर टाकली.

“हाक आली होती,” नळगे म्हणाले. “पण तिची नव्हती.”

“माझी होती,” पुष्कर म्हणाला. दात वाजत होते, तरी त्यानं सगळं सांगितलं. लेख कसा लिहिला, नियम कुठून आणले, चिंधी कोणी काढली.

नळगे ऐकत होते. कप तसाच हातात होता.

“आणि तुला तुझ्या वडिलांचा आवाज आला, ते?”

पुष्करनं मान खाली घातली.

“ते घरी आहेत, काका. आत्ता पेपर वाचत असतील.”

नळग्यांनी कप खाली ठेवला. घोंगडी घडी करून बाबांना दिली. चपला पायात घालायला त्यांना वेळ लागला. पुष्कर मदतीला वाकला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“जाऊन आधी त्यांना हाक मार,” ते म्हणाले आणि एसटीच्या रस्त्याला लागले.

पुष्कर त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं चुलीजवळ राहिलेला मोबाइल उचलला. ओल्या बोटांना तो दाद देईना. शर्टाला, बाबांच्या घोंगडीला बोटं पुसत त्यानं तो लेख शोधला आणि काढून टाकला. मग सगळा ब्लॉगच काढून टाकला. शिलालेखसुद्धा गेले.

“पुसलं, बाबा. सगळं पुसलं.”

“बरं केलंस.”

“आता कोणी येणार नाही.”

बाबा रस्त्याकडे कान देऊन बसले होते.

हॉर्न वाजला. वळणावरून एक जीप आली आणि थांबली. आतून चार-पाच जण उतरले, हसत, एकमेकांना घाबरवत. पुढची बाई मोबाइल उंच धरून चालत होती.

“ब्लॉग अचानक उघडेनासा झालाय बघा,” ती म्हणाली. “बरं झालं आपल्याकडे लेख फॉरवर्ड आलाय. ओ बाबा, बोलणारी बारव हीच ना? शेवटच्या पायरीला इकडूनच जायचं?”

पुष्करनं बाबांकडे पाहिलं.

“चहा घ्या आधी,” बाबा त्या लोकांना म्हणाले. “टेका जरा.”

मग त्यांनी चुलीजवळ पडलेली ती हिरवी चिंधी उचलली, झटकली आणि पुष्करच्या हातात दिली.

“बाबा... मला खाली भीती वाटते.”

“वाटू दे. पाणी चढलंय, एक पायरी वर टाक.”