चौथ्याचं तेल

गाड्यांना घोडे जुंपणं बंद झालं, त्यानंतरची ही गोष्ट. शर्यतीच्या एका गाडीत तिसऱ्या गिअरला चौथा डोळ्यांसमोर नको असायचा. घाम आपण गाळायचा आणि शेवटची रेघ त्यानं ओलांडायची, हे त्याला फार सलायचं.

कुठल्या गिअरला तेल केव्हा सोडायचं, हे झडपबाई ठरवायच्या. ज्याला तेल, त्याची पाळी. शर्यतीआधी तिसरा त्यांना हळूच म्हणाला, "आज चौथ्याचं तेल जरा अडवून धरा. थोड्या उशिरानं कुणाला कळतंय?"

"धरते की," झडपबाई म्हणाल्या. "पण मग दुसऱ्याचंही ऐकायला हवं. तोही रोज हेच सांगतो, तुझ्याबद्दल."

झेंडा खाली आला. दुसरा गिअर जोरात घुमू लागला. तिसरा मात्र चौथ्याला पार विसरून झडपबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.