ताईचा घास, छकुलीचा बल्ब

एक होतं खोकं. खोक्यात होती कोंबडीची तीन पिल्लं. मोठी होती ताई. मधला होता टिकू. धाकटी होती छकुली.

पिल्लांना आई नव्हती. आत्यानं त्यांना बाजारातून आणलं होतं. आईच्या जागी होता एक बल्ब. पिवळा पिवळा, ऊन ऊन.

बल्बला वीज द्यायचं छपरावरचं पॅनेल, दिवसा ऊन साठवून. पॅनेल बसवलं थंडीत. तेव्हा शेवग्याची पानं झडली होती. छपरावर ऊनच ऊन होतं. आत्या म्हणाली, इथेच बसवा. यासीन मिस्त्रीनं तिथेच बसवलं.

मग शेवग्याला पानं फुटली. इवली इवली, हिरवी हिरवी. पॅनेलवर सावली आली.

बल्ब झाला मिणमिण. मिणमिण. मग फुस्स.

गार वारं आलं. ताईनं छकुलीला पंखाखाली घेतलं. टिकूला जवळ ओढलं.

सकाळी टिकू उठला. छकुली उठली. ताई उठली नाही.

टिकूनं हाक मारली. ताई. पुन्हा हाक मारली. ताई. ताई उठलीच नाही.

आत्यानं ताईला हळदीच्या वाफ्यात ठेवलं. वर माती लोटली.

आता छकुलीला पंख नव्हता. छकुली कुडकुडली. कुड कुड कुड. उन्हं उतरली की पुन्हा गार वारं येणार होतं.

टिकू बल्बला म्हणाला,
"बल्बा, बल्बा, पेट.
बल्ब पेटत नाही, तर छकुली कुडकुडते."

बल्ब म्हणाला, "पॅनेल वीज देईल, तर मी पेटेन. नाही तर नाही."

टिकूला राग आला. त्यानं बल्बला टोचलं. टिंग. बल्बला काही झालं नाही. टिकूचीच चोच दुखली.

टिकूनं खोक्याबाहेर उडी मारली. धप्प. तुरू तुरू, तुरू तुरू, छपराखाली गेला. मान वर केली.

"पॅनेला, पॅनेला, वीज दे.
वीज येत नाही, तर बल्ब पेटत नाही.
बल्ब पेटत नाही, तर छकुली कुडकुडते."

पॅनेल म्हणालं, "माझ्यावर सावली आहे. मिस्त्री मला हलवेल, तर मी वीज देईन. नाही तर नाही."

टिकूनं माती उडवली. फर्र. माती त्याच्याच डोळ्यात गेली.

तुरू तुरू, तुरू तुरू, टिकू मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री शिडीला टेकून चहा पीत होता.

"मिस्त्री, मिस्त्री, पॅनेल हलव.
पॅनेल हलत नाही, तर वीज येत नाही.
वीज येत नाही, तर बल्ब पेटत नाही.
बल्ब पेटत नाही, तर छकुली कुडकुडते."

मिस्त्री म्हणाला, हलवायला काय, आत्ता हलवतो. पण हलवू कुठे? गोठ्यावर सकाळी आंब्याची सावली. ओसरीवर दुपारी टाकीची सावली. "मागच्या वेळी घाई केली. आता शेवगा मला हसतो. आत्याबाई जागा दाखवतील, तर मी हलवेन. नाही तर नाही."

तुरू तुरू, तुरू तुरू, टिकू आत्याकडे गेला. आत्या हळदीच्या वाफ्याशी बसली होती. हाताची माती तिनं अजून धुतली नव्हती.

"आत्या, आत्या, जागा दाखव.
जागा मिळत नाही, तर पॅनेल हलत नाही.
पॅनेल हलत नाही, तर वीज येत नाही.
वीज येत नाही, तर बल्ब पेटत नाही.
बल्ब पेटत नाही, तर छकुली कुडकुडते."

आत्या म्हणाली, जागा एकच आहे. न्हाणीचा पत्रा. तिथे दिवसभर ऊन. पण तिथे तिनं ताईसाठी भाताचा घास ठेवला होता. कुणी गेलं की कावळ्याला घास ठेवतात. कावळा शिवला की कळतं, गेलेल्याच्या मनात काही राहिलं नाही.

"घास उचलता येत नाही, बाळा. कावळा शिवेल, तर मी जागा दाखवेन. नाही तर नाही."

तुरू तुरू, तुरू तुरू, टिकू न्हाणीपाशी गेला. पत्र्यावर बसला होता कावळा. काळा काळा, गप्प गप्प. घास तसाच होता.

"कावळ्या, कावळ्या, घासाला शिव.
घासाला शिवत नाहीस, तर जागा मिळत नाही.
जागा मिळत नाही, तर पॅनेल हलत नाही.
पॅनेल हलत नाही, तर वीज येत नाही.
वीज येत नाही, तर बल्ब पेटत नाही.
बल्ब पेटत नाही, तर छकुली कुडकुडते."

कावळा म्हणाला, "ताईच्या मनात काही राहिलंय. ते तू ओळखशील, तर मी शिवेन. नाही तर नाही."

टिकू म्हणाला, तिला कणी आवडायची. रोज कणी ठेवीन.

कावळा हलला नाही.

टिकू म्हणाला, वाफ्यावर रोज बसेन. कुठे जाणार नाही.

कावळा हलला नाही.

ऊन उतरू लागलं. खोक्यातून आवाज आला. कुड कुड कुड.

टिकूला रडू आलं. राग आला. पुन्हा रडू आलं. मग तो हळूच म्हणाला,

"ताई, छकुलीला मी पंखाखाली घेईन."

कावळा पुढे सरकला. घासाला शिवला. टोच. भुर्र उडून गेला.

कावळा शिवला, तशी आत्यानं जागा दाखवली.
जागा मिळाली, तसं मिस्त्रीनं पॅनेल हलवलं. घुर्र घुर्र, खट खट.
पॅनेल हललं, तशी वीज आली.
वीज आली, तसा बल्ब पेटला. मिणमिण. मिणमिण. मग पिवळा पिवळा, ऊन ऊन.

छकुलीचं कुड कुड थांबलं.

टिकू खोक्यात आला. आता ऊब होती. तरी त्यानं पंख उघडला. पंख होता एवढासा. त्याखाली छकुलीचं नुसतं डोकं मावलं.

छकुलीनं विचारलं, ताई कुठे?

टिकू तिच्याजवळ सरकला. त्यानं पंख आणखी थोडा ताणला.

छकुली झोपली. बल्ब जळत राहिला. खोक्यात ताईचा कोपरा होता, तिथेही उजेड पडला.