राणीची तुला आणि न थांबणारा काटा

फार फार वर्षांपूर्वी, राज्यांचे नकाशे काढायची पद्धतही पडली नव्हती तेव्हा, डोंगरांच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. तिथे एक राणी राज्य करायची. मुलांनो, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही राणी चांगली ऐसपैस होती. ती हसली की अख्खा दरबार हसायचा. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मध्ये एक शब्द बोलायची नाही. मला तर ती फार आवडते.

त्या राज्यात एक रीत होती. दर वर्षी राणीची तुला व्हायची. एका पारड्यात राणी, दुसऱ्यात गूळ, डिंक, खारीक आणि अळीव. पारडी समान होऊन काटा स्थिर उभा राहिला, की ते सगळं त्या वर्षीच्या बाळंतिणींना वाटायचं. काटा हलतोय तोवर मात्र गुळाच्या खड्यालाही हात लावायचा नाही.

एकदा राणी शेजारच्या राज्यात लग्नाला गेली. तिथल्या सडपातळ राण्या पदराआड कुजबुजल्या, "हिच्या पालखीला भोई तरी किती लागत असतील गं?" राणी हसली, पण ते बोलणं तिच्या मनाला लागलं.

थोड्याच दिवसांत दरबारात एक चूर्णवाला आला.

"राणीसाहेब, प्रत्येकाच्या गळ्यात एक इवलासा भाता असतो," तो म्हणाला. "देहातला विस्तव तोच फुलवतो. माझ्या चूर्णानं तो जोरात चालेल आणि चरबी आपोआप वितळेल. ना पथ्य, ना पायपीट!"

म्हातारे राजवैद्य पुढे झाले. "भाता असतो, हे खरं. कुणाचा मंद पडला तर मीही औषध देतो, पण तपासून. आपला भाता ठीक चालला आहे, राणीसाहेब. पेटत्या चुलीला फुंकणी कशाला?"

"तुम्हाला माझं बारीक होणं बघवत नाही!" राणी म्हणाली आणि तिनं चूर्ण ठेवून घेतलं.

राणी बारीक झाली, अगदी भराभर झाली. बांगड्या मनगटातून निसटू लागल्या. दरबारी वाहवा करू लागले. त्यांचं काय जातंय! पण राणीची झोप उडाली. छातीत उखळात मुसळ पडावं तशी धडधड व्हायची. गाऱ्हाणं सांगणाऱ्याला ती पहिल्याच वाक्याला "पुरे!" म्हणू लागली. राजवैद्यांनी नाडी बघायला हात मागितला, तर तिनं त्यांना दरबाराची बंदी केली.

तुलेचा दिवस आला. बाळंतिणी तान्ह्यांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. राणी पारड्यात बसली. समोरच्या पारड्यात गूळ चढला, दांडी सरळ झाली, पण काटा काही थांबेना. थरथर, थरथर.

"वारा असेल," प्रधान म्हणाले. पडदे सोडले, तरी काटा थरथरतच होता.

"तराजूत बिघाड असेल," तराजू बांधणारा सुतार म्हणाला. "प्रधानजी, तुम्ही बसून बघता का?" प्रधान बसले, पुन्हा गूळ चढवला. काटा एकदम स्थिर! राणी परत बसली आणि काटा परत थरथरू लागला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ऊन चढलं. तान्ही रडू लागली. प्रधान हळूच राणीच्या कानाशी म्हणाले, "बोटानं काटा धरू का? कुणाला कळायचं नाही."

राणीनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते पारड्याच्या साखळ्यांवर थरथरत होते. ती चिडू शकली असती, सुताराला तुरुंगात टाकू शकली असती. पण ती पारड्यातून खाली उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काटा धरू नका. तराजू खरं बोलतोय. बिघाड माझ्यात आहे."

मग तिनं भर सभेत चूर्णाची हकिकत सांगितली. "माझ्या हौसेपायी तुमच्या लाडवांत घट नको, बायांनो. गेल्या वर्षी होतं तेवढंच आजही वाटा. आणि राजवैद्यांना बोलवा. नको, मीच जाते त्यांच्याकडे."

राणी पायी वैद्यांच्या दारी गेली. ते एक शब्दही लावून बोलले नाहीत, त्यांनी फक्त नाडी धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणखी उशीर झाला असता, तर हे काळीज थकून थांबलं असतं, बाई."

चूर्ण बंद झालं. धडधड शमायला बराच काळ लागला. पुढे राणी ताटातलं तूप कमी करून रोज डोंगरावरच्या देवळापर्यंत चालू लागली. काही वजन गेलं, काही राहिलं. राहिलेल्याशी तिनं भांडण ठेवलं नाही.

चूर्णवाला तोवर शेजारच्या राज्यात पोचला होता. कळताच राणीनं तिथे घोडेस्वार धाडला, त्याच कुजबुजणाऱ्या राण्यांना सावध करायला. अशी होती ती!

पुढच्या तुलेला राणी पारड्यात बसली आणि काटा देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखा शांत उभा राहिला. एका बाळंतिणीनं पुढे होऊन गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. राणीनं ते पारड्यात बसूनच, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तात्पर्य: धडधाकट देहाचा विस्तव उगाच फुंकू नये, आणि चूक कळली की काटा न धरता आपणच पारड्यातून उतरावं.