हरबाने श्रोते मोजले

बोरखेडी नावाच्या गावात हरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं अगदी तसंच करायचा. म्हणून त्याला सहसा कोणी काम सांगत नसे.

गावाचा स्वतःचा छोटा रेडिओ होता: एक खोली, एक माइक आणि बाहेर एक उंच खांब. अनुसयाबाई तो चालवायच्या. रोज संध्याकाळी बाजारभाव, भजनं, आणि कोणाची शेळी हरवली, कोणाची सापडली. खर्च शहरातली एक संस्था करायची. एक दिवस संस्थेचा निरोप आला, "तुमचा रेडिओ कोणी ऐकतं का? आमचे साहेब येऊन बघतील. ऐकत नसतील तर खांब उतरवू."

बाईंनी ठरवलं, साहेब यायच्या आधी आपणच ऐकणारे मोजू. हाताशी हरबाच होता.

"हरबा, घरोघर जा आणि विचार, घरात कोण ऐकतं?"

हरबा गेला. गोदाकाकू दारात भांडी घासत होत्या.

"काकू, घरात कोण ऐकतं?"

"कोणी नाही रे बाबा! थोरला ऐकत नाही, धाकटा ऐकत नाही. आणि ह्यांनी तर जन्मात कधी ऐकलं नाही."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच.

हरबा परत आला. "बाई, गावात कोणीच ऐकत नाही. रघू शिंप्याचा कुत्रा तेवढा ऐकतो. बस म्हटलं की बसतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, विचारू नकोस. डोळ्यांनी बघ. रेडिओ लागलेला असेल तिथे समोर कोण बसलंय ते बघून ये."

हरबा बघून आला. "नामाच्या गोठ्यात म्हशी ऐकतात. दोन्ही. गोदाकाकू ऐकत नाहीत. त्या रेडिओकडे पाठ करून भाकऱ्या थापतात."

"पाठ केली म्हणून काय झालं? कान असतात ना! असं कर, रेडिओ बंद करून बघ. जो ओरडेल तो ऐकत होता."

हे हरबाला पटलं. आबा कुंभार रेडिओ उशाशी घेऊन घोरत होते. हरबाने तो बंद केला.

आबा ताडकन उठले. "कोण रे तो? ऐकतोय ना मी!"

हरबा खूश झाला. मग जिथे रेडिओ नव्हता तिथे जे चालू दिसलं ते त्याने बंद केलं. पिठाची गिरणी बंद केली. गिरणीवाला ओरडला. झाला एक श्रोता. न्हाव्याच्या दुकानातला दिवा बंद केला. अर्धी दाढी झालेला माणूस ओरडला. आणखी एक.

गाव तक्रार घेऊन बाईंकडे आलं. बाई हरबावर कडाडल्या, "लोकांच्या घरात, दुकानात शिरून काही बंद करायचं नाही! कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. बाईंनी कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. संध्याकाळी तो लावून त्या साहेबांना आणायला एसटी स्टँडवर गेल्या.

रेडिओच्या खोलीत हरबा एकटाच उरला. मोजणी अजून राहिलीच होती. त्याने विचार केला. लोकांचं काही बंद करायचं नाही. ही खोली काही लोकांची नाही. त्याने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

रेडिओ तेव्हा सांगत होता, "हौसाबाईंची शेळी सापडली आहे. ती सध्या..."

सगळं गाव धावत आलं. पुढे हौसाबाई. "सध्या कुठे? अरे, सध्या कुठे?" गोदाकाकूंचे हात पिठाचे होते. आबा उशीसकट आले होते.

तेवढ्यात बाई साहेबांना घेऊन पोचल्या. साहेब बघतच राहिले. "रेडिओ बंद पडला म्हणून एवढी माणसं? बाई, हा खांब आता कोणी हलवत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. साहेबांनी आकडा लिहायला पेन काढलं. गलका काही थांबेना. बाई म्हणाल्या, "हरबा, रेडिओ सुरू कर आणि लोकांना सांग, घरी जा."

हरबा आत गेला. खटका वर केला. दार घट्ट लावलं. माइकसमोर बसून गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, आता आपापल्या घरी जा."

गावातल्या सगळ्या रिकाम्या घरांत ते स्पष्ट ऐकू आलं.

हरबा बाहेर आला. गर्दी होती तिथेच होती. त्याने मान हलवली आणि साहेबांकडे गेला.

"साहेब, शून्य लिहा. आत्ताच रेडिओवरून सांगून आलो. एकानेही ऐकलं नाही."