भिंतीवरच्या रिकाम्या जागा

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका राजाला तळ्यात महाल हवा होता, नौकेत बसून गाणं ऐकायला. ते तळं अडवण्यासाठी त्याने मोठा बांध घालायला काढला.

"माती अजून ओली आहे, थोडं थांबावं," म्हाताऱ्यांनी विनवलं. राजा थांबला नाही. बांध खचला आणि कितीतरी माणसं त्याखाली गाडली गेली. राजाने नवी माणसं लावली आणि बांध पुरा केला.

मग त्याने सगुणा नावाच्या चित्रकर्तीला बोलावलं. "बांध उभारणाऱ्या सगळ्यांचं चित्र बांधाकाठच्या या भिंतीवर काढ."

सगुणाने पाट्या वाहणाऱ्या बायका काढल्या, कुदळ मारणारे पुरुष काढले. पण मधे मधे माणसाच्या आकाराएवढी भिंत तिने कोरीच ठेवली.

लोक बघायला आले. तुळसा नावाची एक म्हातारी अशाच एका कोऱ्या जागेपाशी थांबली. त्या कोऱ्या आकाराचा डावा खांदा जरा उतरलेला होता. तिने त्यावर हात ठेवला. "हा माझा लेक," ती म्हणाली. मग रोज कोणी ना कोणी येऊन तिथे फूल ठेवू लागलं.

राजा संतापला. "चित्र अर्धवट का ठेवलंस?"

"पुरं झालंय, महाराज. जे उरले ते दिसतात. जे तुम्ही घालवलेत, ते दिसत नाहीत."

"त्या जागा भर. कोणाचेही चेहरे काढ, पण हसरे काढ."

"ते माझ्या हातून व्हायचं नाही," सगुणा म्हणाली.

राजाने तिला राज्याबाहेर हाकललं आणि दरबारी चितारी बसवले. त्यांनी गुळगुळीत, हसरे चेहरे काढून भिंत भरून टाकली.

उत्सवाच्या दिवशी तुळसा फूल घेऊन आली. तिच्या लेकाच्या जागी भरदार मिशांचा कुणी परका हसत होता.

"हा कोण?" तिने प्रधानाला विचारलं.

"असेल कोणीतरी, आजी. आता चित्र कसं भरल्यासारखं दिसतं."

म्हातारीने खालचा दगड उचलला आणि तो चेहरा खरवडायला घेतला. शिपाई पुढे सरसावले, तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, "माझा लेक मारलात. आता तो नव्हताच म्हणता?"

शिपाई जागीच थबकले. त्यांच्यातही कुणाचा भाऊ त्या मातीत होता. एकेक बाई पुढे आली. संध्याकाळपर्यंत सगळे हसरे चेहरे जमिनीवर भुगा होऊन पडले होते.

पुढे राजाने नवा किल्ला बांधायची दवंडी पिटली. कामावर कोणीच आलं नाही. चिडून तो स्वतः गावात गेला, तर घरं उघडी होती आणि चुली थंड होत्या. सगळी माणसं नदी ओलांडून दुसऱ्या मुलखात निघून गेली होती. हाक मारायलाही त्याला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची रिकामी जागा खोट्या चेहऱ्याने भरणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं.